मुंबईच्या हिवाळ्यात दुर्मीळ पक्षी दिसतो, तेव्हा नेमकं काय घडलेलं असतं?

नोव्हेंबर उजाडला की मुंबई-ठाण्यातल्या पक्षिमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक निरोप फिरू लागतो: भांडुपला काहीतरी वेगळं दिसलंय. कधी भांडुपऐवजी उरण असतं, कधी अक्षी, कधी येऊर. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिथं कॅमेऱ्यांची रांग लागते आणि लवकरच ‘मुंबईत प्रथमच’ असा मथळा छापून येतो. तो पक्षी दुर्मीळ असतो, यात बहुधा शंका नसते. पण तो दुर्मीळ का, याचं उत्तर दर वेळी वेगळं असतं. एखादा वाट चुकून आलेला असतो, एखादा दरवर्षी डोक्यावरून जातो पण आपल्याला दिसत नाही, एखादा शतकानुशतकं इथंच राहत असतो. हा फरक समजला तरच त्या बातमीतून फोटोपलीकडे काही हाती लागतं.

त्याआधी नेहमीचं काय, ते पाहायला हवं. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला एक मोठा हवाई पट्टा आहे. त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. ३० देश या पट्ट्यात येतात आणि भारत त्याच्या मध्यावर आहे. सायबेरिया, मंगोलिया, कझाकस्तान, तिबेट इथं उन्हाळ्यात पिल्लं वाढवून पक्षी दक्षिणेला येतात. मुंबईच्या किनाऱ्यावर चिखल्या आणि तुतवार ऑगस्टमध्येच उतरू लागतात, ऑक्टोबरपर्यंत बदकं, धोबी आणि माशीमार येतात आणि एप्रिलपर्यंत बहुतेक मंडळी परतलेली असतात. मोठ्या शहराच्या अंगाला लागून इतक्या वेगवेगळ्या जागा असणं ही मुंबईची खरी श्रीमंती आहे. पूर्वेला ठाण्याच्या खाडीचा चिखल आणि तिवरं, मध्ये मिठागरं, उत्तरेला बोरिवलीचं जंगल, पलीकडे उरणचं पाणथळ आणि दोनेक तासांवर घाटमाथा. खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं वेळापत्रक घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी मैलभर पांगून किडे, कालवं, शिंपले टिपत असतात. दुर्बिणीतूनही ते ठिपक्यांएवढे दिसतात. भरतीचं पाणी चढू लागलं की तेच पक्षी मागे सरकत मिठागरांच्या बांधावर, तळ्यांच्या काठावर दाटीवाटीनं येऊन बसतात. हजारोंच्या घोळक्यात एखादा निराळा पक्षी असेल तर तो सापडण्याची वेळ हीच. मुंबईतल्या किनारी पक्ष्यांच्या बऱ्याच दुर्मीळ नोंदी म्हणूनच भरतीच्या तासा-दोन तासांत झालेल्या असतात. भरतीला बसायच्या या जागा बुजवल्या की पक्ष्यांना चिखल शिल्लक असूनही टेकायला ठिकाण उरत नाही. नेरुळच्या डीपीएस तळ्याचा प्रश्न नेमका हाच होता. २०२५ मध्ये ते तळं संवर्धन राखीव करण्याचा निर्णय राज्य सरकारनं घेतला, तो मला फार मोलाचा वाटतो.

आता दुर्मीळ कशाला म्हणायचं? पक्ष्याची जात, जागा आणि तारीख या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय हे ठरत नाही. नवरंग घ्या. पावसाच्या तोंडावर बोरिवलीच्या जंगलात त्याची शीळ ऐकू येते, तो तिथं घरटं करतो. जूनमध्ये त्याची नोंद केली तर कुणी भुवई उंचावणार नाही. तोच नवरंग जानेवारीत दिसला तर जाणकार लगेच विचारतील, फोटो आहे का? कारण हिवाळ्यात तो दक्षिणेकडे गेलेला असायला हवा. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या अ‍ॅपसारख्या व्यवस्थेत ही समज गाळणीसारखी बसवलेली असते. त्या भागात, त्या महिन्यात कोणता पक्षी साधारण किती संख्येनं दिसतो, याची मर्यादा ठरलेली असते. तुमची नोंद त्या मर्यादेबाहेर गेली की अ‍ॅप तपशील मागतं आणि मग स्थानिक स्वयंसेवक ती नोंद तपासतात. अनेकांना हा अविश्वास वाटतो, राग येतो. पण ही विचारणा तुमच्या प्रामाणिकपणावर नसते. फोटो किंवा वर्णन नसलेली नोंद वीस वर्षांनी कुणालाही तपासता येत नाही, म्हणून ती आजच भक्कम करून ठेवायची असते.

वाट चुकून आलेल्या पक्ष्यांचं गूढ सगळ्यात जास्त ओढ लावतं आणि त्याबद्दल विज्ञानाकडे सांगण्यासारखंही पुष्कळ आहे. चुकलेले पक्षी बरेचदा पहिल्याच वर्षातले, कोवळे असतात. असं का, हे समजायला नेदरलँड्समधला एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. तिथल्या संशोधकांनी हेगजवळ स्थलांतर करणाऱ्या ११,००० हून अधिक युरोपीय मैना पकडल्या, त्यांच्या पायात वाळे घातले आणि विमानानं स्वित्झर्लंडला नेऊन सोडल्या. त्यांचा नेहमीचा हिवाळी मुक्काम दक्षिण इंग्लंड आणि उत्तर फ्रान्सच्या बाजूला. १९५८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. प्रौढ मैनांनी आपण भलत्या ठिकाणी आहोत हे ओळखलं, दिशा बदलली आणि त्या वायव्येकडे नेहमीच्या मुक्कामाकडे वळल्या. पहिल्याच वर्षातल्या मैना मात्र हेगहून ज्या दिशेनं जायला निघाल्या होत्या त्याच दिशेनं उडत राहिल्या आणि दक्षिण फ्रान्स, स्पेनमध्ये पोहोचल्या.

म्हणजे कोवळ्या पक्ष्याजवळ जन्मतः दोनच गोष्टी असतात: कोणत्या दिशेनं उडायचं आणि साधारण किती काळ. ‘एसटी स्टँडवरून डावीकडे दहा मिनिटं चाल’ एवढंच सांगितलेला पाहुणा चुकीच्या स्टँडवर उतरला तर तो तितक्याच विश्वासानं डावीकडे दहा मिनिटं चालत भलत्याच दारात उभा राहील, तसं हे आहे. मुक्कामाचा नकाशा पहिल्या प्रवासानंतर तयार होतो. अनेक किनारी पक्ष्यांत तर आई-बाप आधी निघून जातात आणि पिल्लं मागाहून आपापली निघतात; वाट दाखवणारं बरोबर कुणी नसतं. या कोवळ्या जिवांची ताकद किती असते तेही पाहा. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अवघ्या पाच महिन्यांच्या एका पट्टेरी शेपटीच्या गॉडविट या किनारी पक्ष्यानं अलास्काहून उड्डाण केलं आणि ११ दिवसांत, कुठंही न उतरता, १३,५६० किलोमीटर कापून ते टास्मानियाला पोहोचलं. पाठीवर उपग्रहाचं छोटं यंत्र होतं म्हणून आपल्याला हे कळलं. याच जातीचे गॉडविट थोड्या संख्येनं आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही हिवाळ्याला येतात. इतक्या लांबच्या प्रवासात दिशा थोडी जरी चुकली, तरी पक्षी शेवटी हजारो किलोमीटर भलतीकडे गेलेला असतो.

दिशा चुकते कशी? ती रक्तातूनच येते, त्यामुळे काही पिल्लांत जन्मतःच उलटी किंवा आरशातल्यासारखी फिरलेली असू शकते. पक्षी सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र यांचा आधार घेतात. २०२३ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या वाळे घातलेल्या पक्ष्यांच्या अनेक दशकांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की चुंबकीय क्षेत्रात गडबड असते त्या काळात चुकलेले पक्षी अधिक सापडतात. आणि वारा तर आहेच. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ओखी चक्रीवादळानंतर कन्याकुमारीजवळ एक काळं गिधाड दमून पडलेलं सापडलं. ही जात हिवाळ्यात उत्तर भारतात येते. थेट देशाच्या टोकाला तिचं काही काम नाही. वनखात्यानं त्याला सांभाळलं आणि २०२२ मध्ये विमानानं जोधपूरला नेलं. मुंबईच्या किनाऱ्यावर वादळानं फेकलेले पक्षी मिळतात ते मात्र बहुतेक पावसाळ्यात. तेव्हा खोल समुद्रावर राहणारे बूबी आणि नॉडी थकून वाळूवर, कधी इमारतींच्या आवारातही उतरतात.

चुकलेला पक्षी मरतोच असं नाही. त्या स्पेनला गेलेल्या कोवळ्या मैनांपैकी काही पुढच्या हिवाळ्यांतही स्पेनमध्येच दिसल्या. त्यांच्यासाठी तो नवा मुक्काम पक्का झाला. मध्य युरोपातले ब्लॅककॅप नावाचे काही छोटे पक्षी १९६० च्या दशकापासून दक्षिणेऐवजी ब्रिटनला हिवाळा काढू लागले. त्यांच्या पिंजऱ्यात वाढवलेल्या पिल्लांनीही तीच नवी दिशा धरली, म्हणजे ती वारशानं पुढे गेली होती. एका काळची चूक काही पिढ्यांत रीत होऊ शकते. म्हणून एखाद्या जागी तोच ‘चुकार’ पक्षी सलग दोन-तीन हिवाळे दिसला, तर ती बातमी पहिल्या दर्शनापेक्षा मोठी समजावी.

अमूर ससाण्याची गोष्ट अगदी वेगळी आहे. कबुतराहून लहान असा हा शिकारी पक्षी नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरात लोणावळ्याच्या माळांवर थोडे दिवस दिसतो आणि तिथं धावपळ उडते. पण तो चुकलेला नसतो. रशियाचा आग्नेय भाग आणि उत्तर चीन इथून निघून तो दक्षिण आफ्रिकेला जातो. वाटेत नागालँडमध्ये डोयांग जलाशयाजवळ हे ससाणे लाखोंनी उतरतात. २०१२ मध्ये तिथं जाळी लावून त्यांची प्रचंड कत्तल होत असल्याचं जगासमोर आलं आणि पुढच्याच वर्षी पांगती आणि आसपासच्या गावांनी शिकार थांबवली. २०१३ मध्ये तिथल्या तीन ससाण्यांना उपग्रह-यंत्रं लावली गेली. त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी नावं मिळाली. त्यांचा माग घेताना स्पष्ट झालं, की हे पक्षी बंगालचा उपसागर आणि दख्खन ओलांडत, महाराष्ट्रावरून थेट अरबी समुद्रात शिरतात आणि न थांबता आफ्रिकेचा किनारा गाठतात. पाठीमागून मिळणारा ईशान्येचा वारा त्यांना पुढे नेतो. म्हणजे दर हिवाळ्यात ते आपल्या डोक्यावरून जातातच, उंचावरून आणि रात्रंदिवस. लोणावळ्याला दिसतात ते किडे टिपायला थोडे थांबलेले. इथं दुर्मीळ आहे ते आपल्याला दिसणं. पक्षी मुळीच दुर्मीळ नाही.

काही पक्षी दुर्मीळ ठरतात ते दुसऱ्यांसारखे दिसतात म्हणून. हिवाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात लाल छातीचा माशीमार अनेकदा दिसतो. त्याचा जुळा भाऊ शोभावा असा टैगा माशीमार आपल्या बाजूला कमी येतो. शेपटीच्या मुळावरची पिसं शेपटीहून गडद काळी आहेत का, चोच पूर्ण काळपट आहे की खालच्या बाजूला फिकट, आवाज कसा आहे, एवढ्यावर निवाडा होतो. खाडीवर चिखल्यांचं तसंच. पूर्वी एकच मानलेली जात आता तिबेटी आणि सायबेरियन अशा दोन जातींत विभागली गेली आहे. आपल्याकडे येतात ते बहुतेक तिबेटी. त्या थव्यात एखादा सायबेरियन असेल तर तो ओळखायला हजारभर सारखेच चेहरे चिकाटीनं पाहावे लागतात. ही मेहनत करणाऱ्यांचं नाव क्वचितच छापून येतं, पण मुंबईच्या पक्षिज्ञानाला खरी भर त्यांच्याकडूनच पडते.

आणि मग रानपिंगळा. पुराव्याचं मोल काय, हे या एका पक्ष्यावरून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशावरून कळत नाही. १८७० च्या दशकात मध्य भारतात त्याची विज्ञानाला ओळख झाली. १८८४ नंतर खानदेशात किंवा कुठंही त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही. फक्त एक नोंद होती: रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला रानपिंगळा मिळवल्याचा दावा केला होता. त्या भरवशावर लोक चुकीच्या जागी शोध घेत राहिले. पुढे अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईनं तपासले, तेव्हा उघड झालं की तो नमुना १८८० च्या दशकातलाच होता, लंडनच्या संग्रहालयातून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. खोटी नोंद बाजूला सारून, खऱ्या जुन्या नोंदींच्या जागी शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षं तो हरवला नव्हता. आपण त्याला बरोबर जागी शोधत नव्हतो.

पुढे २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात सापडला. ज्या तानसाचं पाणी मुंबईकर रोज पितात, त्याच धरणाभोवतीच्या सागाच्या जंगलात. तिथं तो वाट चुकून आलेला नव्हता. रानपिंगळा स्थलांतर करत नाही. तो दिवसाउजेडी वावरतो, तरीही तिथं त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, कारण गावोगाव दिसणाऱ्या ठिपकेदार पिंगळ्यासारखाच तो वाटतो. डोक्यावर ठिपके जवळजवळ नसणं, डोकं मोठं आणि पाय दांडगे असणं, हे पाहायला थांबावं लागतं. महामार्गाच्या गोंगाटापासून फार लांब नसलेल्या जंगलात जगातला एक संकटग्रस्त पक्षी नांदतो आहे, याचा मला आजही अभिमान वाटतो आणि काळजीही वाटते.

पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांबद्दल थोडक्यात. शोभेचं बदक एखाद्या शहरी तळ्यात दिसलं तर आधी पिंजऱ्याचाच संशय घ्यावा. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये गाजलेलं मँडरिन बदक असंच सुटून आलेलं मानलं जातं. पण २०२१ च्या फेब्रुवारीत आसामच्या मागुरी बील या पाणथळ तलावात दिसलेलं मँडरिन जाणकारांनी अस्सल मानलं, कारण तिथं १९०२ ची जुनी नोंद होती आणि जागाही त्याच्या मूळ प्रदेशाच्या जवळची. पायात वाळं आहे का, पिसं तुटकी आहेत का, माणसाला भितो का, हे पाहून अंदाज बांधतात.

या सगळ्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते: आधीच्या साध्या नोंदी नसतील तर दुर्मीळ नोंदीचा अर्थच लागत नाही. आज शिवडीचे फ्लेमिंगो मुंबईची ओळख झाले आहेत. पण ते तिथं मोठ्या थव्यांनी येऊ लागले १९९० च्या दशकात. त्याआधी शिवडीला असे थवे नव्हते, हे आपण खात्रीनं सांगू शकतो कारण त्याआधीही कुणीतरी तो चिखल न्याहाळत होतं आणि लिहीत होतं. सांडपाण्यानं वाढलेलं शेवाळ हे त्यांच्या येण्यामागचं एक कारण मानलं जातं. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून अटल सेतू सुरू झाला. त्याचा तिथल्या पक्ष्यांवर काय परिणाम झाला, हे कळायला आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची कावळे, बगळे, तुतवारांसकट मोजदाद लागते. कॅमेरे धावतात ते एका पक्ष्यामागे. त्याच बांधावर बसलेल्या बाकीच्या शेकडोंची संख्या कुणीच लिहीत नाही, हे मला खुपतं. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० हौशी निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा राहिला. त्यातला फार मोठा वाटा अशाच साध्या पक्ष्यांचा आहे.

वेगळा पक्षी दिसलाच तर काय करावं? आधी आहे त्या जागेवरून फोटो घ्यावा, अस्पष्ट आला तरी चालेल. पंख उघडलेले, शेपटी, पाय असे वेगवेगळे कोन मिळाले तर उत्तम. आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा. वेळ, भरती की ओहोटी, बरोबर कोणते पक्षी होते आणि तो काय करत होता, हे तिथंच लिहून ठेवावं. घरी येऊन पुस्तकातलं चित्र पाहिलं की आठवण त्या चित्रासारखी बनू लागते. जवळ जाण्याचा मोह टाळावा. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला चरबी साठवायला प्रत्येक तास हवा असतो आणि आपण उडवलेला प्रत्येक थवा त्यातली थोडी खर्च करतो. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून बोलावू नये. घुबडं, पिंगळे आणि घरट्यांची नेमकी जागा गटांवर टाकू नये. काही संवेदनशील जातींची जागा ईबर्डही झाकून ठेवतं. पायात वाळं किंवा रंगीत पट्टी दिसली तर तिचा रंग, ती कोणत्या पायात आहे आणि त्यावरची अक्षरं टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावीत. त्या चार अक्षरांवरून तो पक्षी कुठून निघाला हे कळू शकतं.

सुरुवात करायला दुर्मीळ पक्ष्याची वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत. १९८७ पासून चालत आलेली आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते आणि तिच्यात स्थानिक गटांबरोबर नवख्यांनाही जाता येतं. फेब्रुवारीत परसातल्या पक्ष्यांची जागतिक गणना असते; तिच्यासाठी गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात किमान १५ मिनिटं उभं राहून दिसलेला प्रत्येक पक्षी मोजून लिहायचा असतो, कावळा आणि पारव्यासकट.